मागाचे गाव, मालाचा माग



रात्रशाळेच्या फळ्यावर आमचे मास्तर दर सोमवारी एक बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, काढत. पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाडीचा नंबर, नग, वजन, भाडे आणि सर्वांत खाली उजव्या कोपऱ्यात चालकाच्या सहीची रेघ. समोर दिवसभर गठ्ठे वाहून आलेले हमाल बसलेले असत, दोन-चार क्लीनर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चहा आणणारी पोरे. अंकलिपीपेक्षा ही बिल्टी त्यांना लवकर वाचता येई, कारण रोज ती त्यांच्या हातांतून जात असे. मास्तरांचा एकच आग्रह होता : नग मोजल्याशिवाय त्या रेघेवर सही करायची नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि खडू-डस्टर सांभाळायला तिथे जात असे. पुढे मी विम्याचा सर्व्हेअर झालो. माल भिजला, जळाला, फुटला किंवा चोरीला गेला की विमा कंपनी मला पाठवते. मी पाहतो, मोजतो आणि अहवाल लिहितो. तीस वर्षे हेच केले आहे. म्हणून मास्तरांच्या स्मृतीला वाहायला माझ्याजवळ वाहतुकीतल्या मालचोरीचाच विषय आहे.

भिवंडी हे मागाचे गाव. पण मराठीत ‘माग’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक विणायचा माग, दुसरा काढायचा माग, म्हणजे पावलांचा, चोराचा. पहिल्या मागाबद्दल भिवंडीत पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. मी दुसऱ्याबद्दल बोलणार आहे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावाची राखणदारी कशी चाले हे त्यात नोंदलेले आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तो तिथल्या राखणदाराच्या स्वाधीन करायचा, मग पुढचा शोध त्या गावाचा. माग जिथे बुडेल त्या गावावर भरपाईची जबाबदारी. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. तिचा भार गावातल्या सर्वांत गरीब माणसांवर पडे. तरी तिच्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. शिवेवर जबाबदारी हातातून हातात दिली जाई. ती तिथे टाकून देता येत नसे.

आज आपल्या तालुक्यात काय होते ते पाहू.

इथे गोदामे का आली हे तरुणांना ठाऊक नसेल. मुंबईत माल शिरला की महापालिकेची जकात लागे. जो माल नाशिक, नागपूर, इंदूरकडे जायचा तो मुंबईत उतरवून ठेवणे म्हणजे फुकटचा खर्च. जकात नाक्याच्या अलीकडे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, आग्रा रोडला लागून स्वस्त जमीन होती. राहनाळ, काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली अशा भातशेतीच्या गावांत गाळ्यांवर गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. त्याआधीच, २०१३मध्ये, ॲमेझॉनने भारतातले आपले पहिले मोठे वितरण केंद्र भिवंडीत उघडले होते. सिल्वासा-सुरतेचे सूत इथे येते, इथले ग्रे कापड बालोत्रा-जेतपूरला रंगायला जाते आणि त्याच रस्त्याने आता मोबाईल, औषधे, साबण, टायर, तांब्याची तारही जाते. देशाचे कपाट आपल्या दारात आले. कपाटाला कुलूप कोण लावणार याचा विचार मात्र मागे राहिला.

चोरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दरोडा येतो. तो होतोच. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये तामिळनाडूत कृष्णगिरीजवळ मुंबईकडे निघालेला मोबाईलचा कंटेनर रात्री अडवून लुटला गेला. सुमारे पंधरा कोटींचा माल होता. तपास मध्य प्रदेशातल्या देवासपर्यंत गेला. वर्तमानपत्रांनी लगेच एका जमातीचे नाव मथळ्यात घातले. ते नाव मी इथे घेणार नाही. १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला, तरी आपल्या मथळ्यांतून अजून गेलेला नाही. चोरी माणूस करतो, जमात करत नाही.

आमच्या कसाऱ्याच्या घाटात दरोड्याहून जुनी रीत होती. चढावर भरलेली गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकते. मागून कोणी चढतो, ताडपत्री कापतो, गठ्ठे खाली टाकतो. चालकाला कळते ते इगतपुरीला चहाला उतरल्यावर, दोर लोंबताना दिसला की. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, आता बोगद्यातून गाडी सरळ भिवंडी तालुक्यात उतरते. घाटातली ताडपत्री वाचेल. पण माझ्या फायलींचा मोठा गठ्ठा घाटातला नाहीच. तो माणकोली ते अंजूरफाटा या पट्ट्यातला आहे, उभ्या गाडीतला आणि कागदावरचा.

उभ्या गाडीतला म्हणजे असा. ठाण्यातून जड वाहनांना ठरावीक तासांतच सोडतात. गोदामात गाडी घ्यायला पाळी लागते, कधी सहा तास, कधी दोन दिवस. तोवर गाडी उभी कुठे करायची? तालुक्यात इतकी गोदामे झाली आणि चालकाने रात्री निर्धास्त झोपावे असे कुंपण, दिवे आणि संडास असलेले गाडीतळ बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला लागते. चालक केबिनमध्ये झोपतो आणि मागे दाराचे काम होते. सील शाबूत राहते, कारण सीलला कोणी हातच लावत नाही. हँडलचे किंवा बिजागरीचे रिव्हेट काढून दार उघडतात आणि पुन्हा बसवतात. सकाळी पोहोचल्यावर सील बरोबर, नंबर बरोबर, नग मात्र सात कमी. मग सगळे चालकाकडे बघतात.

कागदावरच्या चोरीला हातोडीसुद्धा लागत नाही. गोदामातून ट्रान्सपोर्टरला फोन जातो, नागपूरची गाडी हवी. त्याच्याकडे गाडी नसते, तो दलालाला सांगतो. दलाल कळंबोलीच्या दुसऱ्या दलालाला सांगतो. तिथून व्हॉट्सॲपवर आरसी बुकाचा आणि लायसनचा फोटो येतो. तासाभरात गाडी दारात उभी, ॲडव्हान्स खात्यात जमा, साठ लाखांचा माल भरून रवाना. चालकाला या चार जणांपैकी कोणीही आधी पाहिलेले नसते. गाडी पोहोचत नाही, फोन बंद लागतो आणि मग कळते की नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीची होती, ती खरी गाडी त्या वेळी आपल्या गावी गॅरेजमध्ये होती. हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या लारेडोहून निघालेल्या दोन ट्रकांतून टकीला या मद्याच्या चोवीस हजारांहून अधिक बाटल्या अशाच गेल्या. काम एकाकडून दुसऱ्याकडे गेले, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेले आणि माल भलत्याच माणसाच्या हवाली झाला. तिथे संगणक आपल्याहून आधी आले, तरी भोक तेच : माल ज्याच्या हाती देतो त्याचा चेहरा देणाऱ्याला माहीत नाही.

हे भोक बुजवणे अवघड नाही. सरकारच्या ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या नोंदींवर गाडी आणि लायसन तपासता येते. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी जुळवायला दोन मिनिटे लागतात. तरी लोडिंगच्या घाईत ती दोन मिनिटे कोणी देत नाही. का देत नाही, याचे उत्तर मला फार वर्षांनी सापडले. ज्याने तपासायचे त्याच्या खिशातून काही जात नाही.

मग कोणाच्या खिशातून जाते?

कायदा वाहकाला मोकळे सोडत नाही. १८६५चा कॅरियर्स ॲक्ट जाऊन २००७चा रस्ते वाहतूक कायदा आला, तो २०११पासून लागू आहे. माल गेला की वाहकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे माल पाठवणाऱ्यावर नाही. पण साधारण नियम असा की भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंत. समजा नागपूरचे भाडे चाळीस हजार, तर मर्यादा चार लाखांची. माल साठ लाखांचा असेल तर वरचे छप्पन्न लाख कोणाचे? बिल्टीवर मूल्य जाहीर करून जादा जोखमीचे जादा भाडे भरले तर ही मर्यादा वाढते. तीस वर्षांत असे जाहीर केलेल्या बिल्ट्या मी फार थोड्या पाहिल्या. उलट बहुतेक बिल्ट्यांवर ठसठशीत शिक्का असतो, ‘मालकाच्या जोखमीवर’.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. जोखीम कोणाची हे माल हलण्याआधी ठरलेले असे आणि ती घेणाऱ्याला तिचा मोबदला मिळे. आमच्या बिल्टीत तोच शब्द आहे, पण तो जबाबदारी झटकण्यासाठी छापलेला आहे.

मोठ्या कंपनीचा विमा असतो. विमा कंपनी पैसे देते आणि नंतर ट्रान्सपोर्टरवर दावा लावते. ट्रान्सपोर्टर दलालाचे भाडे अडवतो, दलाल गाडीमालकाचे बॅलन्स भाडे अडवतो. गाडीमालक म्हणजे बहुधा एक-दोन गाड्यांचा, हप्त्यात बुडालेला माणूस. तो चालकाचा पगार कापतो. चालकाच्या खाली कोणी नाही. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५पर्यंत होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होई, म्हणजे त्या एका गाडीवरचा चालक त्यातून सुटला. माथाडींना अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने १९६९चा कायदा आणि मंडळे मिळवून दिली. गाडीत माल चढवणाऱ्या हमालामागे निदान मंडळ उभे आहे. तोच माल हजार किलोमीटर नेणाऱ्यामागे कोणी नाही. वाटेत गेलेल्या सात नगांचे पैसे शेवटी ज्या खिशातून निघतात, तो खिसा सर्वांत फाटका असतो. म्हणूनच वरच्या कोणाला ती दोन मिनिटे महाग वाटतात.

१ जानेवारी २०२४ आठवते का? देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे हे त्यांच्या कानावर आले होते. त्याच संहितेत कलम ११२ आहे. त्यात टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांची यादी आहे आणि तिच्यात ‘कार्गो थेफ्ट’ हे शब्द घातलेले आहेत. पाकीटमारी आणि दुकानातली उचलेगिरी यांच्या शेजारी. शिक्षा एक ते सात वर्षे. कलम ३०५ने माल वाहणाऱ्या गाडीतली चोरी घरातल्या चोरीच्या बरोबरीला आणली. वाहकाने किंवा गोदामवाल्याने विश्वासाने सोपवलेला माल लाटला तर जुन्या दंड संहितेचे कलम ४०७ आता नव्या संहितेच्या कलम ३१६च्या पोटात आहे, त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा. गाडीतल्या चोरीला कायद्यात स्वतःचे नाव मिळाले याचा मला आनंद आहे. ‘छोटी संघटित गुन्हेगारी’ हे मात्र मला मान्य नाही. ज्याचे सहा महिन्यांचे पगार कापले जातात त्याच्या घरात ही चोरी छोटी नसते.

आता हद्दीकडे येतो. दापोडे-माणकोलीची गोदामे नारपोली पोलिसांकडे, ते ठाणे शहर आयुक्तालयात. तीच गाडी पुढे पडघ्याला गेली की ठाणे ग्रामीण पोलीस. कसारा ओलांडला की नाशिक जिल्हा. गाडी धुळ्याच्या पुढे रिकामी सापडली तर चोरी कुठे झाली? मी कित्येक गाडीमालक पाहिले आहेत, जे तीन पोलीस ठाण्यांच्या बाकांवर तीन दिवस बसले. तेवढ्या वेळात माल गाळ्यातून गाळ्यात जाऊन नव्या खोक्यांत शिरतो. विश्वासघाताच्या गुन्ह्याची चौकशी माल जिथे ताब्यात घेतला, ठेवला किंवा पोहोचवायचा होता अशा कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात चालू शकते, हे जुन्या कायद्यातही होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ने गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवण्याची सोय केली. म्हणजे कायदा एल्फिन्स्टनने नोंदलेल्या त्या शिवेपर्यंत परत आला : माग स्वाधीन करा, टाकू नका. माझी इथे बसलेल्या पोलीस बांधवांना विनंती आहे की रात्री दोनला दारात आलेल्या चालकाला हद्द विचारू नका, गाडीचा नंबर विचारा. आज पावलांचे ठसे मातीत नसतात. ते टोलनाक्याच्या फास्टॅगमध्ये असतात, ई-वे बिलात असतात, मोबाईलच्या टॉवरमध्ये असतात. त्या राखणदाराला जे ओल्या मातीत शोधावे लागे ते तुमच्यासमोर पडद्यावर येते, फक्त पहिल्या काही तासांत.

आणि व्यापारी बांधवांनाही सांगायचे आहे, कारण ते माझे रोजचे लोक आहेत. साठ लाखांचे सूत चोर घरी नेऊन विणत नाही. ते कोणीतरी विकत घेतो. बाजारभावापेक्षा बरेच खाली, बिनबिलाचे. कोन तेच, डेनियर तेच, फक्त खोक्यावरचे लेबल खरवडलेले. ते पाहून घेणाऱ्याला काहीच कळत नाही, हे मी मानत नाही. चोराला पकडणे पोलिसांचे काम असेल, पण त्याचे गिऱ्हाईक आपल्या गल्लीत बसते आणि आपण लग्नात त्याच्या पंगतीला बसतो.

मुद्देमालाबद्दल थोडे बोलून पुढे जातो. सापडलेला मालही पुष्कळदा मरतो. सुताचे कोन पावसाळा पोलीस ठाण्याच्या आवारात काढतात आणि गाडी टायर कुजेपर्यंत उभी राहते, तिचा हप्ता चालूच. २००२मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा माल अडकवून ठेवू नका म्हणून सांगितले होते. नव्या संहितेत तर छायाचित्र आणि चित्रफीत घेऊन, मुदतीत विल्हेवाट लावा असे स्पष्ट आहे. अर्ज मात्र करावा लागतो. तो कसा करायचा हे गाडीमालकाला शिकवणारी रात्रशाळा आज कुठे आहे?

शेवटी मला एक फाईल सांगायची आहे. मास्तर असते तर ती त्यांच्यासमोर सांगण्याचे धैर्य मला झाले असते की नाही, माहीत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तयार कपड्यांची गाडी भिवंडीहून गेली. पोहोचल्यावर चौदा खोकी कमी. सील शाबूत, बिल्टीवर पूर्ण नगांची नोंद आणि खाली चालकाची सही. चालक मराठवाड्यातला, चाळिशीचा. तो म्हणाला, साहेब, मला गोदामात मोजू देत नाहीत, दाराशीसुद्धा उभे राहू देत नाहीत, दार लावल्यावर कागद पुढे करतात. मी ते ऐकले. सही होती, सील होते, वाटेत तो एका ढाब्यावर पाच तास थांबलाही होता. मी लिहिले : माल चालकाच्या ताब्यात असताना तूट. गाडीमालकाचे भाडे अडले आणि चालकाची कपात सुरू झाली.

अकरा महिन्यांनी त्याच गोदामात मी दुसऱ्या कामासाठी गेलो, आगीनंतरच्या साठ्याची मोजणी होती. मागच्या रॅकवर, परत आलेल्या मालाखाली, चौदा खोकी होती. त्याच गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावलेली. ती गाडीत चढलीच नव्हती. कोणी चोरलीही नव्हती. चढवायची राहिली होती आणि मोजली गेली नव्हती.

मी विमा कंपनीला पुरवणी अहवाल दिला. गाडीमालकाला कळवले. त्याने भाडे मागितले, ते मिळायला आणखी वर्ष गेले. चालकाने तोवर ती गाडी सोडली होती. मी त्याच्या गावचा पत्ता मिळवून पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. पुढे अंजूरफाट्यावर त्याच्या गावचा एक क्लीनर भेटला. तो म्हणाला, ते आता गाडी चालवत नाहीत, उसाच्या तोडीला जातात.

त्या दिवसापासून माझ्या अहवालाच्या नमुन्यात मी एक रकाना वाढवला आहे : चालकाला नग मोजू दिले का? होय किंवा नाही. कंपन्यांनी तो मागितलेला नाही, कोणत्याही नियमात तो नाही. गोदामात गेलो की पहिला प्रश्न मी तोच विचारतो. गेल्या महिन्यात दोन फायली आल्या. दोन्हींत उत्तर ‘नाही’ असे होते, आणि दोन्ही बिल्ट्यांवर खाली सही होती.